मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावरची साधी गाठ : निदान कसे होते, कुठे चुकते (सोलापूर)

साखरपेठेतली आई (धागा सुरू करणारी)

नमस्कार. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याचा डावा डोळा किंचित आत वळतो, हे माझ्या जाऊबाईंच्या लक्षात आले आणि आम्ही त्याला सोलापुरातल्याच एका नेत्रतज्ज्ञांकडे नेले. थेंब टाकून बाहुली मोठी केली होती, मूल रडत होते, दोघांनी त्याला धरून ठेवले होते. अशा अवस्थेत दोन-तीन मिनिटे पाहून त्यांनी सांगितले की पडद्यावर पांढरी गाठ आहे. लगेच सोनोग्राफी झाली आणि गाठीत कॅल्शियम असल्याचे कळले. हा बहुतेक रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग आहे आणि डोळा काढावा लागेल अशी मनाची तयारी ठेवा, एवढेच ऐकून आम्ही घरी आलो.

पुढचे अकरा दिवस घरात चूल कशी पेटली हे मला आठवत नाही. सासऱ्यांनी ओळखीतून पडद्याचे दुसरे डॉक्टर शोधले. त्यांनी डोळ्याकडे पाहण्याआधी दोन प्रश्न विचारले : याला लहानपणी झटके आले होते का, आणि अंगावर कुठे फिकट डाग आहेत का? दोन्हींचे उत्तर होय असे होते. सातव्या महिन्यात त्याला झटके आले होते, औषधाने ते थांबले, आणि त्या वेळी सांगितलेला मेंदूचा एमआरआय आम्ही ‘आता बरा आहे’ म्हणून केला नाही. मांडीवर आणि पाठीवर पाच-सहा फिकट डाग जन्मापासून होते. सासूबाईंना ते कोड वाटले होते आणि लोक काय म्हणतील या भीतीने त्याला उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घातले जात. नेत्रतज्ज्ञाला हे सांगायचे असते हे आम्हाला कुठून कळणार?

हैदराबादच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात भूल देऊन दोन्ही डोळे तपासले. डाव्या डोळ्यात एक कॅल्शियमची गाठ आणि उजव्यात एक चपटी, करडी, जेमतेम दिसणारी गाठ निघाली. निदान : अ‍ॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ, आणि तिच्यामागे ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजार. डोळा काढायचा नाही. तिरळेपणासुद्धा गाठीमुळे नव्हता, त्याला बराच मोठा प्लस नंबर होता आणि आता चष्मा लागला आहे.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. पहिल्याच दिवशी हे ओळखता आले असते का? गाठीचा तुकडा काढून तपासणीला का पाठवत नाहीत? आणि हैदराबादला मुलाबरोबर आमचे दोघांचे डोळेही थेंब टाकून का पाहिले? आमच्यासारख्या दुसऱ्या कुटुंबाला हे आधी वाचायला मिळावे म्हणून धागा काढते आहे.

पडदातज्ज्ञ

ताई, मी मूळचा सोलापूरचा असून पडद्याच्या विकारांवर काम करतो. आपल्या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्या उपचाराबद्दल बोलणार नाही, निदानाच्या वाटेबद्दल मात्र सविस्तर लिहितो.

तुकड्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावरच उभे आहे. शरीरात इतरत्र गाठ असली की सुईने तुकडा घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हा सरळ मार्ग आहे. लहान मुलाच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमाची शंका असेल तर हा मार्ग बंद असतो, कारण डोळ्याच्या भिंतीला सुईने भोक पडले की त्या वाटेने कर्करोगाच्या पेशी डोळ्याबाहेर पडू शकतात आणि डोळ्यापुरता असलेला, बहुतेक वेळा बरा होणारा आजार जिवावर बेततो. म्हणून इथे निदान पाहूनच करावे लागते. आणि पाहूनच करायचे असेल तर ते पाहणे अपुरे असून चालत नाही. रडणाऱ्या, डोळे घट्ट मिटणाऱ्या मुलाच्या पडद्याचा मधला भाग कसाबसा दिसतो, कडेचा भाग दिसतच नाही. भूल दिल्यावर डोक्यावरच्या दुर्बिणीने, बाहेरून डोळ्याची भिंत हलकेच दाबत, पडद्याचा शेवटचा काठसुद्धा पाहता येतो, रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेता येतात आणि दुसरा डोळाही तितक्याच बारकाईने तपासता येतो. आपल्या मुलाच्या उजव्या डोळ्यातली करडी गाठ याच कारणाने हैदराबादला सापडली आणि पहिल्या दिवशी सापडली नाही.

आता कॅल्शियमबद्दल. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये मुलाच्या डोळ्यात कॅल्शियम दिसले की रेटिनोब्लास्टोमा आठवणे बरोबरच आहे, तसे शिकवले जाते आणि ते योग्य आहे. चूक तिथे होते जिथे कॅल्शियम हाच पुरावा मानला जातो. अ‍ॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमातही वयाबरोबर कॅल्शियम साठते, मात्र प्रत्यक्ष पाहिले तर त्याचे रूप वेगळे असते. रेटिनोब्लास्टोमातले कॅल्शियम खडूसारखे निस्तेज पांढरे असते, तर हॅमार्टोमातले चकचकीत आणि पिवळसर असते, भिजवलेल्या साबुदाण्याचे दाणे एकमेकांना चिकटून बसावेत तसे. पाठ्यपुस्तकांत त्याला तुतीच्या फळाची उपमा देतात, पण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मी साबुदाणाच सांगतो आणि तो त्यांच्या लक्षात राहतो.

दुसरी खूण रक्तवाहिन्यांची. रेटिनोब्लास्टोमा भुकेलेला असतो, त्याला रक्त पुरवणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर दोन्ही रुंद आणि वळणावळणाच्या झालेल्या असतात. हॅमार्टोमाच्या जवळच्या वाहिन्या सहसा जशाच्या तशा असतात. तिसरी खूण आजूबाजूची : गाठीखाली पाणी साचून पडदा सुटणे किंवा काचद्रवात, म्हणजे डोळ्यात भरलेल्या पारदर्शक जेलीत, पांढरे कण तरंगणे हे रेटिनोब्लास्टोमात वारंवार आढळते, हॅमार्टोमात क्वचितच.

ओसीटी नावाची तपासणी आहे. तिच्यात पडद्याचा उभा छेद घेतल्यासारखे चित्र मिळते आणि भुलेखालच्या मुलासाठी हातात धरण्याचे यंत्रही आता मोठ्या केंद्रांत असते. हॅमार्टोमा पडद्याच्या सर्वांत आतल्या, मज्जातंतूंच्या थरात बसलेला असतो आणि शेजारच्या निरोगी पडद्यात हळूहळू मिसळत जातो. जुन्या गाठीत वाळवीने खाल्ल्यासारख्या पोकळ्या दिसतात. छोटा रेटिनोब्लास्टोमा मात्र पडद्याच्या अधिक खोल थरांतून वाढतो आणि आतले थर त्याच्यावर चादरीसारखे पसरलेले दिसतात. मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या गाठीबाबत हा फरक फार मोलाचा ठरतो.

एवढे सगळे करूनही काही वेळा खात्री होत नाही, विशेषतः एक-दीड वर्षाच्या बाळात. त्या वयात हॅमार्टोमात कॅल्शियम आलेले नसते, तो करडा आणि अर्धपारदर्शक असतो, आणि लहान रेटिनोब्लास्टोमाही तसाच दिसतो. अशा वेळी डॉक्टर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन छायाचित्र घेतात आणि दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवतात. रेटिनोब्लास्टोमा तेवढ्या काळात वाढल्याशिवाय राहत नाही, हॅमार्टोमा सहसा वर्षानुवर्षे तसाच राहतो. आई-वडिलांना हे थांबणे टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात ती तपासणीच असते, फक्त तिची तारीख ठरलेली असली पाहिजे आणि ती चुकता कामा नये.

पहिल्या दिवशी ओळखता आले असते का, या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर असे की पूर्ण निदान कदाचित झाले नसते, पण शंका नक्की यायला हवी होती. पहिल्या डॉक्टरांनी मुलाला तातडीने पुढे पाठवले असते तर मी त्यांना दोष दिला नसता, कारण मुलाच्या पडद्यावरची प्रत्येक पांढरी गाठ, ती साधी असल्याचे ठरेपर्यंत, रेटिनोब्लास्टोमाच समजून धावपळ करणे योग्य असते. डोळा काढण्याची भाषा मात्र भूल देऊन तपासणी होण्याआधी करायला नको होती.

आई-वडिलांच्या डोळ्यांच्या प्रश्नावर रात्री लिहितो, आता ओपीडी आहे.

बालरोग, होटगी रोड

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ताईंनी सांगितलेल्या डागांबद्दल लिहावेसे वाटते, कारण या निदानात त्वचेचे काम डोळ्याइतकेच आहे आणि ते करायला यंत्र लागत नाही, फक्त मुलाचे कपडे पूर्ण काढून उजेडात पाहावे लागते.

ट्यूबरस स्क्लेरोसिस साधारण सहा हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. फ्रेंच वैद्य बूर्नव्हील यांनी १८८० मध्ये मेंदूतल्या त्या कठीण गाठींचे वर्णन केले. टीएससी १ किंवा टीएससी २ या दोनपैकी एका जनुकात बिघाड झाल्याने मेंदू, त्वचा, हृदय, मूत्रपिंड आणि डोळा अशा अनेक ठिकाणी साध्या गाठी होतात. या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत पडद्यावर हॅमार्टोमा सापडतो. त्वचेवरचे फिकट डाग तर दहातल्या नऊ मुलांत असतात आणि ते बहुतेकदा सर्वांत आधी दिसतात. आकार एका टोकाला निमुळत्या पानासारखा असतो, पण प्रत्येक डाग तसाच असेल असे नाही. गोऱ्या बाळात ते साध्या उजेडात चुकतात, म्हणून अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशात पाहावे लागते.

कोडाचा आणि या डागांचा संबंध नाही. कोडाचा चट्टा खडूसारखा पांढरा असतो, नंतर उमटतो आणि पसरू शकतो. हे डाग जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसतात, फिकट असतात, पूर्ण पांढरे नसतात. आपल्याकडे कोड या शब्दाची इतकी धास्ती आहे की घरचे लोक डाग डॉक्टरांपासूनही लपवतात. माझ्या ओपीडीत असे होते आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते, कारण लपवलेला डाग म्हणजे त्या मुलाच्या निदानाची हरवलेली वेळ असते.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठे तीन किंवा अधिक फिकट डाग हा एक प्रमुख निकष आणि पडद्यावर एकाहून अधिक हॅमार्टोमा हा दुसरा. दोन प्रमुख निकष जुळले की निदान पक्के मानतात. म्हणजे ताईंच्या मुलाचे निदान एमआरआयच्या आधीच, त्वचा आणि दोन डोळे यांच्या आधारे पूर्ण झाले होते. उजव्या डोळ्यातली ती जेमतेम दिसणारी दुसरी गाठ सापडली नसती तर डोळ्याचा निकष अपुरा राहिला असता, एवढे तिचे महत्त्व.

झटक्यांबद्दल एक विनंती. या आजारातल्या बाळांना पहिल्या वर्षात येणारे झटके नेहमीच्या फिटसारखे दिसत नाहीत. बाळ झोपेतून उठताना एकाएकी पुढे वाकते, हात पसरते, पुन्हा सैल होते, आणि असे ओळीने दहा-वीस वेळा होते. घरात त्याला दचकणे म्हणतात. मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. यावरच्या व्हिगाबॅट्रिन या औषधाचा गुण चांगला येतो, पण त्याने बाजूची नजर आकसू शकते, म्हणून ते चालू असताना डोळ्यांची नियमित तपासणी ठेवावी लागते. गाठ डोळ्याला त्रास देत नसली तरी नेत्रतज्ज्ञ सोडता येत नाही, याचे हेही एक कारण आहे.

साखरपेठेतली आई

दोन्ही डॉक्टरांचे मनापासून आभार. व्हिगाबॅट्रिन त्याला सुरू होते, पण डोळ्यांच्या तपासणीचे आमच्या लक्षात राहिले नाही. कदाचित सांगितले असेल आणि त्या गडबडीत कानावरून गेले असेल.

हैदराबादबद्दल एक गोष्ट लिहिते, आपल्या गावच्या लोकांना उपयोगी पडेल. आमच्या घरी मराठीइतकीच तेलुगू बोलली जाते, त्यामुळे तिथे सासूबाईंनी स्वतः डॉक्टरांना सगळे सांगितले, डागांबद्दलही, आणि त्यांच्या मनातले ओझे तिथेच उतरले. पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांना पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद भाषेने जवळचे आहे, अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास असले तरी. भुलेच्या आधी मुलाला उपाशी ठेवायचे असते, म्हणून सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा आणि आदल्या रात्रीच तिथे मुक्कामाला पोहोचावे.

पडदातज्ज्ञ

आता आई-वडिलांच्या डोळ्यांचा प्रश्न.

याची दोन कारणे आहेत. ट्यूबरस स्क्लेरोसिस आई किंवा वडिलांकडून येऊ शकतो, सुमारे दोनतृतीयांश मुलांत तो नव्याने उद्भवलेला असतो. पालकाला आजार सौम्य रूपात असेल तर त्याच्या पडद्यावरचा जुना, न त्रास देणारा हॅमार्टोमा हीच पहिली खूण ठरू शकते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. रेटिनोब्लास्टोमाचे एक साधे भावंड आहे, त्याला रेटिनोमा म्हणतात. १९८२ मध्ये ब्रेंडा गॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केले. तो वाढत नाही, दृष्टी सहसा बिघडवत नाही, आणि माणूस पन्नाशीपर्यंत त्याच्यासह निर्धास्त जगतो. पडद्यावर करडी अर्धपारदर्शक गाठ, आत पनीरच्या चुऱ्यासारखे कॅल्शियम, आणि भोवती रंगद्रव्याची उलथापालथ किंवा झिजलेला पडदा, असे त्याचे रूप असते. रेटिनोब्लास्टोमा उपचारांनी विझल्यावर जसा दिसतो तसाच हा उपचारांविना दिसतो. पण ज्याच्या डोळ्यात तो असतो त्याच्या शरीरात आरबी १ जनुकाचा बिघाड असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो उपजत असेल तर प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की गाठ होते. उपजत बिघाड असलेल्या बाळाच्या प्रत्येक पेशीत पहिली प्रत आधीच गेलेली असते. म्हणून मुलाच्या डोळ्यात संशयित गाठ असताना वडिलांच्या डोळ्यात रेटिनोमा सापडला तर निदानाचे पारडे लगेच रेटिनोब्लास्टोमाकडे झुकते. आपले दोघांचे पडदे स्वच्छ होते, हीसुद्धा डॉक्टरांच्या हाती लागलेली एक माहितीच होती.

रेटिनोमाला साधी गाठ म्हणतात, पण थोड्या रुग्णांत अनेक वर्षांनी तिचे रूपांतर कर्करोगात झाल्याची नोंद आहे. त्यामुळे तिचीही दरवर्षी छायाचित्रे काढावी लागतात.

दृष्टिमापक, जुळे सोलापूर

मी चष्म्याचे नंबर तपासतो. शाळांच्या तपासणीत एका दहा वर्षांच्या मुलीच्या पडद्यावर गडद काळा, वाटोळा, अगदी चपटा डाग दिसला. दृष्टी पूर्ण चांगली आहे. मी तिला पुढे पाठवले, पण पालक विचारतात की हा मोठ्यांना होणारा काळा कर्करोग तर नाही ना.

पडदातज्ज्ञ

पाठवलेत हे उत्तम. वर्णनावरून तो पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थराची जन्मजात वाढ असावी असे वाटते, अर्थात तपासणारे डॉक्टर ठरवतील. हा डाग चपटा असतो, काठ रेखीव असतात, काही वेळा भोवती फिकट कडे आणि आत खिडक्यांसारखे फिकट ठिपके असतात. एकाच डोळ्याच्या एकाच भागात असे लहान-मोठे अनेक डाग घोळक्याने असले तर त्यांना अस्वलाच्या पावलांचे ठसे म्हणतात. दोन्ही प्रकार निरुपद्रवी असतात. छायाचित्र काढून ठेवावे आणि अधूनमधून ताडून पाहावे.

अपवाद एकच, आणि तो डॉक्टरांनीही विसरू नये. दोन्ही डोळ्यांत, विखुरलेले, अनियमित आकाराचे, माशाच्या शेपटीसारखी फिकट कडा असलेले असे अनेक डाग असतील तर घरात कोणाला कमी वयात मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे विचारावे. एपीसी जनुकाच्या बिघाडाने आतड्यात शेकडो गाठी होतात आणि तशा कुटुंबात हे डाग बाळपणापासून दिसतात, आतड्याच्या तक्रारी सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी.

अक्कलकोट रोडचा बाप

मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून लिहितो. बाविसाव्या वर्षी उजव्या डोळ्याने रेषा वाकड्या दिसू लागल्या. पडद्याच्या कडेला लालसर केशरी गोळा सापडला आणि त्याला येऊन मिळणारी व त्यातून निघणारी रक्तवाहिनी सुतळीसारखी जाड झाली होती. त्यातून झिरपलेला स्राव मध्यभागी साचून नजर गेली होती, ती पूर्ण परत आली नाही. व्हॉन हिपेल-लिंडाऊ हा डोळ्यात, मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी करणारा आनुवंशिक आजार निघाला. माझ्या वडिलांचे मेंदूच्या गाठीने निधन झाले होते, ते कोड्यासारखे राहिलेले कारण तेव्हा उलगडले.

माझ्या मुलीची जनुकीय तपासणी केली, तिच्यातही बिघाड आला. तेव्हापासून दरवर्षी बाहुली मोठी करून तपासणी होते. सहाव्या वर्षी भूल देऊन डाय टाकून अँजिओग्राफी केली तेव्हा अगदी काठावर एक बिंदू चमकला, जो नुसत्या पाहण्यात दिसला नव्हता. त्यावर एकदाच लेझर झाले. माझ्या डोळ्याचे जे झाले ते तिच्या डोळ्याचे झाले नाही. त्या डायने दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी गडद पिवळी होते, कोणी घाबरू नये.

भुलेबद्दल आम्हाला सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. या आजारात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतही गाठ होऊ शकते आणि तिच्यामुळे भुलेखाली रक्तदाब एकदम धोकादायक वाढू शकतो. भूल देण्याआधी रक्तदाब आणि त्या ग्रंथीची तपासणी झाली आहे ना, हे पालकांनी स्वतः विचारावे.

पडदातज्ज्ञ

आपण लिहिलेली शेवटची गोष्ट प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने वाचावी अशी आहे. वर मी रुंद वाहिन्या ही रेटिनोब्लास्टोमाची खूण म्हणून सांगितली होती, ती आता थोडी दुरुस्त करतो : वाहिन्यांची जाड जोडी आणि तिच्या टोकाला लालसर गोळा असेल तर तो रक्तवाहिन्यांचा साधा अर्बुद असतो. १९०४ मध्ये व्हॉन हिपेल यांनी डोळ्यातल्या या गाठींचे वर्णन केले आणि १९२६ मध्ये लिंडाऊ यांनी त्यांचा मेंदूतल्या गाठींशी संबंध दाखवला. काठावरची लहान गाठ लेझरने बहुधा आटोक्यात येते, दृष्टिमज्जेच्या मुखाशी, म्हणजे मेंदूकडे जाणारी नस डोळ्यातून जिथे निघते तिथे, असलेली गाठ फार अवघड असते. म्हणूनच अशा घरातल्या बाळाची तपासणी पहिल्या वर्षापासून सुरू करतात.

विडी घरकुलातला काका

माझा पुतण्या चार वर्षांचा आहे. गड्ड्याच्या यात्रेत काढलेल्या दोन फोटोंत त्याच्या एका डोळ्यात लाल ऐवजी पिवळट पांढरी चमक दिसते. वहिनी म्हणतात की फ्लॅशमुळे असेल. धाग्यात इतक्या साध्या गाठी वाचल्यावर थोडा धीर आला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवले तर चालेल का?

पडदातज्ज्ञ

नाही. काका, मी स्पष्ट लिहितो आहे, राग मानू नये. याच आठवड्यात दाखवा. हा धागा निदान झालेल्या साध्या गाठींबद्दल आहे, निदान न झालेल्या डोळ्याबद्दल धीर देण्यासाठी नाही.

मूल तिरपे पाहत असताना फ्लॅश थेट दृष्टिमज्जेच्या मुखावर पडला तर निरोगी डोळ्यातही पांढरी चमक येते, हे खरे आहे. पिवळट चमक कोट्स या आजारातही दिसते, त्यात पडद्याच्या वाहिन्या गळक्या असतात, तो बहुतेक मुलग्यांना आणि एकाच डोळ्यात होतो आणि तो कर्करोग नाही. पण यातले काय आहे हे फोटोवरून कोणीही सांगू शकत नाही, आणि रेटिनोब्लास्टोमा असेल तर दोन महिन्यांत डोळा वाचण्याची संधी निघून जाऊ शकते. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, नेत्रविभाग आहे. तिथे किंवा कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे जा, दोन्ही फोटो बरोबर न्या आणि बाहुली मोठी करून पडदा पाहण्याचा आग्रह धरा. पुढे जावे लागले तर हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय इथे डोळ्यातल्या गाठींसाठी स्वतंत्र तज्ज्ञ आहेत.

शब्दवेडी

वैद्यकीय ज्ञान मला नाही, मी भाषांतराचे काम करते. धागा वाचताना ‘साधी गाठ’ हा शब्द खटकत राहिला. बिनाइनला कोशात सौम्य, निरुपद्रवी असे शब्द आहेत. पण व्हॉन हिपेल-लिंडाऊच्या गाठीने अक्कलकोट रोडच्या दादांची नजर नेली, मग ती साधी कशी?

साखरपेठेतली आई

ताई, तुम्ही माझ्या मनातले लिहिलेत. हैदराबादहून परतल्यावर आम्ही सगळ्यांना ‘साधी गाठ निघाली’ असे सांगितले. घरात पेढे वाटले गेले. महिनाभराने मेंदूच्या एमआरआयसाठी पैसे काढायचे म्हटले तेव्हा माझे दीर म्हणाले की साधी गाठ आहे तर कशाला पुन्हा यंत्रात घालता. त्यांचा दोष नाही, शब्दच तसा आहे. आता आम्ही ‘कर्करोग नसलेली, पण लक्ष ठेवायची गाठ’ असे म्हणतो. लांबलचक आहे, पण दिरांना कळले.

बालरोग, होटगी रोड

मी माझ्या टिपणात यापुढे हाच शब्दप्रयोग लिहीन. या मुलांना पंचविशीपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी मेंदूचा एमआरआय लागतो, कारण मेंदूतल्या पोकळ्यांच्या काठाला असलेली गाठ वाढून पाण्याचा मार्ग अडवू शकते. ती वेळेत सापडली तर शस्त्रक्रिया किंवा एव्हरोलिमस हे औषध असे दोन्ही पर्याय उपलब्ध असतात. हृदयातल्या गाठी बहुधा वयाबरोबर आपोआप विरतात, मूत्रपिंडातल्या मात्र वयाबरोबर वाढतात, म्हणून पोटाची तपासणी आणि रक्तदाब आयुष्यभर पाहत राहायचे.

विडी घरकुलातला काका

पुतण्याला गुरुवारी सिव्हिलमध्ये दाखवले. बाहुली मोठी करून पाहिले. कोट्स असावा असे म्हणाले आणि खात्रीसाठी पुढे पाठवले आहे. सोमवारच्या गाडीचे तिकीट काढले आहे.

पडदातज्ज्ञ

चांगले केलेत. दुसराही डोळा भुलेखाली पाहायला सांगा, आणि निघताना छायाचित्रांची प्रत मागून घ्या.

साखरपेठेतली आई

सहा महिन्यांनी लिहिते आहे. परवा मुलाची तपासणी झाली. या वेळी भूल लागली नाही, चष्म्याची सवय झाल्यापासून तो यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो. डॉक्टरांनी जुने आणि नवे छायाचित्र पडद्यावर शेजारी लावून आम्हाला दाखवले. डाव्या डोळ्यातली गाठ तेवढीच आहे, उजव्यातली करडीही तेवढीच. दिवसाला दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावतो, त्यामुळे डाव्याची नजर दोन ओळींनी सुधारली आहे. एमआरआय झाला, मेंदूत काही गाठी आहेत, पाण्याचा मार्ग मोकळा आहे. आमच्या दोघांच्या रक्तात जनुकाचा बिघाड सापडला नाही, तरी पुढच्या अपत्याला थोडा धोका उरतो असे समुपदेशकांनी समजावले.

धाकटी सात महिन्यांची आहे. तिलाही बरोबर नेले होते. अंधाऱ्या खोलीत सासूबाईंनीच तिला मांडीवर घेतले, कपडे काढले आणि दिव्याखाली पाठ, पोट, मांड्या एकेक करून डॉक्टरांना दाखवल्या. डाग नाहीत. मुलाला या उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीवर खेळायला सोडले आहे. पुढची तारीख मार्गशीर्षातली आहे.